डीव्हीडी प्लेअर आणि अकरावा दाणा

आमच्या घरात विजेची एकूण एकवीस बटणं आहेत आणि त्यांतल्या एकोणीस बटणांना मी घाबरतो. उरलेली दोन बंद पडलेली आहेत.

ही भीती मी लपवत नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासतो. एक दशांश मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तर आख्खी खेप परत पाठवतो. असा माणूस घरात स्क्रू-ड्रायव्हर हातात घेताना रबरी चप्पल घालतो, खिशात टेस्टर ठेवतो आणि बायकोला लाकडी काठी देऊन दोन हात लांब उभं करतो. (मी बोर्डाला चिकटलो तर मला हाणून सोडवायला. वीस वर्षांत तशी वेळ आलेली नाही, पण मंगल तयारीत असते. कधी कधी जरा जास्तच तयारीत वाटते.)

अशा माणसावर गेल्या वर्षी डीव्हीडी प्लेअर निवडून, आणून, जोडायची पाळी आली.

कारण होते माझे सासरे. मामा वैजापूरजवळच्या गावी राहतात, शेती बघतात, वय शहात्तर. चार वर्षांपूर्वी मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. मामींचे फोटो भरपूर आहेत, पण आवाज कुठंच नाही. कुणी मोबाईल समोर धरला की त्या तोंडावर पदर घ्यायच्या आणि हातानं हाकलून लावायच्या. त्यांचा आवाज जगात एकाच जागी शिल्लक होता, आमच्या लग्नाच्या डीव्हीडीत. तिथं शूटिंगवाल्यानं त्यांना बरोबर गाठलं होतं. दोन्ही हातांत औक्षणाचं ताट असल्यामुळं त्यांना पदर घेता आला नाही आणि नाइलाजानं बोलावं लागलं.

त्या डीव्हीडीच्या दोन प्रती होत्या. एक आमच्याकडं, 'महत्त्वाचे' असं लिहिलेल्या फायलीत. दुसरी मामांकडं. ती मामांनीच बाजरीत पाखरं येऊ नयेत म्हणून दोऱ्यानं लटकवली. चकाकती सीडी वाऱ्यावर फिरली की पाखरं बिचकतात, हे खरं आहे. त्या वर्षी बाजरी चांगली झाली. शूटिंगवाल्याचं दुकान तर कधीच उठलं. तिथं आता मोमो मिळतात.

होळीला मामांचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळं ते स्वतःही मोठ्यानं बोलतात आणि फोन स्पीकरवर नसला तरी आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

"पाव्हणे, एकदा तिचा आवाज ऐकवा. फकस्त एकदा."

समोर मंगल मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. मी "ऐकवतो मामा" म्हणालो.

आमची मुलगी ईशा सतरा वर्षांची आहे आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही, याचीही मला भीती वाटते. ती म्हणाली, "पप्पा, कुठल्याही दुकानात कॉपी करून घ्या ना. दहा मिनिटांचं काम आहे."

"अनोळखी माणसाच्या हातात द्यायची? एकच प्रत आहे."

"मग काय करणार?"

"आपण घरीच लावू. माझ्या हातानं."

मंगलनं काठी कुठं आहे ते नजरेनंच तपासलं.

आता अडचण अशी की आमचा टीव्ही नवा, पातळ, भिंतीवरचा. त्यात सीडी घालायला फटच नाही. ईशाच्या लॅपटॉपलाही नाही. होम थिएटर मात्र होतं. कारखान्याच्या सोडतीत मला लागलेलं, पाच स्पीकर आणि एक मोठा डबा. उघडायची हिंमत न झाल्यामुळं ते दोन वर्षं खोक्यासकट माळ्यावर होतं. मामांना ऐकू जायचं तर तेही खाली काढणं आलं. म्हणजे एका फोनमुळं माझ्या डोक्यावर दोन यंत्रं आणि सात वायरी येऊन पडल्या.

प्लेअर शोधायला आधी मी टी.व्ही. सेंटरला गेलो. चौकाच्या नावावर माझा विश्वास होता. पाच दुकानं फिरलो. पाचही दुकानदारांनी माझ्याकडं मी वातीचा स्टोव्ह मागितल्यासारखं बघितलं. शेवटी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक पांढऱ्या दाढीचे दुरुस्तीवाले चाचा सापडले.

"डीव्हीडी प्लेअर? साहब, पूरे शहर में ये शौक अब दो जनों को है. एक मैं, एक आप."

त्यांनी दोन यंत्रं समोर ठेवली. एक कोरं, पण मागं लाल, पांढरी, पिवळी अशी तीन भोकं असलेलं. आमच्या टीव्हीला ती भोकं नाहीत. दुसरं वापरलेलं, पण त्याला चपट्या पिनेची नवी जागा होती. मी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि ती जागा मोजली. मग सीडी ठेवायचा ट्रे किती बाहेर येतो ते मोजलं. मग ट्रे सलग दहा वेळा उघड-बंद करून घेतला.

चाचा म्हणाले, "मशीन ले रहे हो या लड़की देखने आए हो?"

"चाचा, इसमें कुछ गिर गया तो?"

"क्या गिरेगा?"

"कुछ भी. बारीक."

"तो फँसेगा," चाचांनी शांतपणे सांगितलं. "सीडी अंदर, आप बाहर."

हे वाक्य पुंडलिकनगरच्या आमच्या घरापर्यंत प्रत्येक सिग्नलला मला ऐकू येत होतं.

शनिवारी मी जोडणी केली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, एक ते चौदा. भोकांनाही चिठ्ठ्या लावल्या. वहीत आकृती काढली. काम चार तास चाललं आणि चारही तास मंगल काठी घेऊन उभी होती (मधे एकदा पोळ्या करून आली, तेवढा वेळ मी कशाला हात लावला नाही). चाचणीसाठी मासिकाबरोबर फुकट आलेली पाककृतींची सीडी घातली. पडद्यावर बाई अळूवड्या करत होत्या, पण त्यांचा आवाज दाराच्या मागच्या एकट्या स्पीकरमधून येत होता. ईशा म्हणाली, "पप्पा, बाई दाराआड लपल्यात." सहा आणि नऊ नंबरच्या चिठ्ठ्या बदलल्यावर त्या बाहेर आल्या.

इथवर सगळं मापात होतं. पुढचं सांगायला मला लाज वाटते.

आमच्या घरात कुठलंही नवं यंत्र आलं की मंगल त्याला हळदी-कुंकू लावते. इन्व्हर्टर, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्यांना लावलंय. मी दर वेळी बाजूला उभा राहून म्हणतो की, यंत्राला कुंकू नाही, वंगण लागतं. त्यामुळं रविवारी सकाळी मंगल आंघोळीला गेल्याबरोबर मी एकट्यानं, दार लोटून, त्या प्लेअरची पूजा केली, हे कुणाला कळून चालणार नव्हतं. मामा अकराला येणार होते. मला दुसरा आधार नव्हता.

उदबत्ती लावली. कुंकवाचं बोट लावलं. आणि अक्षता वाहिल्या. यंत्राच्या वर हवा जायला बारीक जाळी आहे, तेव्हा उधळायच्या नाहीत एवढी अक्कल मला होती. मी मोजून अकरा दाणे घेतले. एकेक करून वाहिले, नमस्कार केला आणि लगेच एकेक करून उचलायला लागलो.

दहा भरले.

पुन्हा मोजले. दहा. सोफ्याखाली बॅटरी मारली, सतरंजी झटकली, स्वतःला झटकलं. मग जाळीला डोळा लावून आत बघितलं. आत अंधार होता आणि त्या अंधारात चाचा म्हणत होते, "तो फँसेगा."

वरचं झाकण उघडून बघावं म्हणून मी रबरी चप्पल घालणार, तोच खालून हाक आली, "पाव्हणे!" मामा पावणेदोन तास आधीची एसटी धरून आले होते.

मी दहा दाणे कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात टाकले आणि दार उघडलं. मामांनी माझ्याकडं, नेमकं सांगायचं तर माझ्या कपाळाकडं, बघितलं आणि समाधानानं मान डोलावली. मला वाटलं, घाम दिसला. मागून मंगल आली, तिनंही बघितलं आणि गालात हसली. ईशा म्हणाली, "पप्पा, आज काय विशेष?" मी म्हणालो, "उकडतंय."

मामांनी पांढरं स्वच्छ धोतर नेसलं होतं. हातातल्या पिशवीत मामींचा फ्रेमचा फोटो होता. तो त्यांनी टीव्हीसमोरच्या टीपॉयवर पडद्याकडं तोंड करून ठेवला.

मंगल म्हणाली, "अण्णा, फोटो आपल्याकडं करा ना."

"अगं, तिनं बी कुठं बघितलीय सीडी? बसू दे बघत."

आता काही बोलायची सोय राहिली नाही. मी डीव्हीडी कडेनं धरून ट्रेवर ठेवली. ट्रे आत गेला. माझा श्वासही आत गेला, तो तिथंच राहिला.

सीडी लागली! मांडव दिसला, सनई पाचही स्पीकरमधून घुमली. मामा पुढं सरकून बसले. मंगलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मी मात्र पडदा बघत नव्हतो, यंत्राची घरघर ऐकत होतो. अशी साधारण सात मिनिटं गेली. मग मांडवाच्या कडेनं हिरव्या शालूतल्या मामी आल्या, हातांत औक्षणाचं ताट. शूटिंगवाल्यानं विचारलं, "काकू, जावई कसे वाटले?" मामींनी मान वर केली, तोंड उघडलं.

ट्यूबलाईट एकदा लुकलुकली. पडदा काळा झाला. प्लेअरचा आणि होम थिएटरचा, दोन्ही दिवे विझले. टीव्हीवर अक्षरं आली, 'सिग्नल नाही'.

पंखा फिरत होता.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

मी बटण दाबलं. ट्रे बाहेर येईना. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, वीस आकडे मोजून सोडलं. काही नाही. सीडी अंदर, आप बाहर.

"काही तरी जळल्याचा वास येतोय," मी म्हणालो.

"उदबत्तीचा आहे तो," मंगल म्हणाली. "सकाळपासून येतोय. कुणी लावली काय माहीत." हे म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

ईशानं मोबाईलवर शोधलं. "पप्पा, चार स्क्रू काढायचे, वरचं झाकण उचलायचं, ट्रे हातानं ओढायचा. सोपं आहे."

"हात लावायचा नाही!"

"का पण?"

"आत…" मी म्हणालो आणि थांबलो. मामा माझ्याकडं बघत होते. टीपॉयवरून मामी काळ्या पडद्याकडं बघत होत्या. मग मला राहवेना. कारखान्यात चुकीचं माप पुढं सरकवल्याचं मी कुणाला माफ करत नाही, आणि इथं तर सकाळपासून मी स्वतःच गप्प होतो.

"मामा, माझी चूक आहे. आत अक्षतेचा एक दाणा पडलाय."

मामांनी कानामागं हात धरला. मला सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. पूजा, उदबत्ती, अकरा दाणे, जाळी. (आमच्या खिडक्या उघड्या होत्या. शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचं थांबलं, ते मला दिसलं.) पुरावा म्हणून मी खिशातून पुडी काढली आणि टीपॉयवर दाणे मांडले.

"हे बघा. दहा. अकरावा आत आहे. मला सकाळपासून माहीत होतं. मी बोललो नाही."

मंगल उठली. मला वाटलं, काठी आणायला चालली. पण ती माझ्यासमोर आली, अंगठा आणि एक बोट माझ्या कपाळाला लावलं आणि काही तरी उपटून दहा दाण्यांच्या शेजारी ठेवलं.

"हा घ्या," ती म्हणाली. "कुंकवात चिकटलाय सकाळपासून."

आता आठवलं. पूजा झाल्यावर उरलेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावून वर एक दाणा चिकटवायचा, ही लहानपणापासूनची सवय. माझ्या हातानं ते मला न विचारता केलं होतं.

"तुम्हाला दिसत होता?"

"सगळ्यांनाच दिसत होता. मी म्हटलं, कधी नव्हे ते देवाचं करताहेत, कशाला टोकायचं."

मामा म्हणाले, "मला तर बरं वाटलं. म्हणलं, पाव्हणे सुधारले."

ईशा सोफ्यात तोंड खुपसून हसत होती. मला मात्र हसू येईना, कारण मी हिशेब करत होतो. दाणा आत नाही, तरी ट्रे बाहेर येत नाही. म्हणजे काय झालंय ते मला माहीतच नाही. दाण्याची भीती निदान मोजता येत होती. मी खाली बसलो आणि म्हणालो, "मामा, एकच प्रत होती. ती मी घालवली."

मामांनी टीपॉयवरचे दाणे बोटानं एका रांगेत लावले.

"तुम्ही काय घालवली," ते म्हणाले. त्यांच्या मानानं हळू बोलले, म्हणजे शेजारच्या बाल्कनीपर्यंत गेलं नसेल. "माझी तर मी सोता बाजरीत बांधली. मला म्हाईत व्हतं ती लग्नाची हाय. पर तवा ती घरातच व्हती की. आवाज रोजचाच व्हता. कशाला जपायचा, म्हणलं."

मंगल त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

"अहो, फ्रीजमधला दिवा लागत नाहीये."

मी ताडकन उठलो. "फ्रीजपण गेला?"

ईशानं सोफ्यातून तोंड बाहेर काढलं. "पप्पा. लाईट गेलीय."

"कशी गेली? पंखा फिरतोय. टीव्ही चालू आहे."

"इन्व्हर्टरवर."

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इन्व्हर्टर बसवला तेव्हा कुठल्या बटणावर किती भार, याचा तक्ता मीच काढला होता. तो पुठ्ठ्यावर चिकटवून दारामागं टांगलेला आहे. ट्यूब, पंखे, टीव्ही इन्व्हर्टरवर. फ्रीज, मिक्सर आणि कोपऱ्यातलं मोठं सॉकेट बाहेर. शनिवारी प्लेअर आणि होम थिएटर मी त्याच मोठ्या सॉकेटला जोडलं होतं. तिथली वायर जाड आहे, म्हणून मला तिची सगळ्यात कमी भीती वाटते.

मामांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "म्हंजी मशीन चांगली हाय?"

"चांगली आहे, मामा."

"सीडी बी?"

"बहुतेक."

"मंग बसा की गप. लाईट काय आज ना उद्या येतीच."

ती तेवीस मिनिटांनी आली. आधी आत फ्रीज गुरगुरला, मग कोपऱ्यातले दोन्ही दिवे लागले. मी बटण दाबलं. ट्रे इतक्या सहज बाहेर आला की जणू त्याला कुणी आधी विचारलंच नव्हतं. डीव्हीडीवर ओरखडा नव्हता (भिंगानं तपासलं). पुन्हा आत घातली. पुन्हा मांडव, पुन्हा सनई, पुन्हा ती सात मिनिटं. मामा या खेपेला सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात, सतरंजीवर जाऊन बसले.

हिरव्या शालूतल्या मामी आल्या. "काकू, जावई कसे वाटले?"

"चांगले हायेत," मामी म्हणाल्या. पाचही बाजूंनी म्हणाल्या. "लई देवभोळे हायेत. मी बघत व्हते, सगळी मंगलाष्टकं डोळे मिटून म्हणली त्यांनी. व्हट हलत व्हते. माझ्या मंगलला काही भ्या नाय." मग ताट सांभाळत, हसत, "सर रं बाबा आता, निरांजन इझंल," असं म्हणून त्या पुढं गेल्या.

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आजून एकदा लावा."

एकूण सहा वेळा लावली. सहाव्या वेळी मंगलनं पुढं जाऊ दिली, तर (शूटिंगवाल्यानं मंगलाष्टकं नंतर जोडली होती) कॅमेरा माझ्यावर आला. मुंडावळ्या बांधलेला, डोळे घट्ट मिटलेला, ओठ हलवणारा मी. आणि कपाळावर, कुंकवात, तांदळाचा एक दाणा.

"पाव्हणे," मामा मागं वळून म्हणाले, "वीस वर्सं झाली, दाणा तिथंच हाय. आन् तुम्ही मशिनीत हुडकताय."

ईशानं त्याच दिवशी मोबाईलवर उतरवून घेतला, त्यामुळं आता मामींचा आवाज चार ठिकाणी साठवलेला आहे. मामांच्या मोबाईलवरही आहे. ते रोज सकाळी चहाबरोबर ऐकतात. बाजरीत बांधायला मी त्यांना त्या अळूवड्यांची सीडी दिली.

मंगलनं त्या दिवशी विचारलं होतं, "खरंच मंगलाष्टकं म्हणत होतात?" मी "हो" म्हणालो. मामींचा शब्द मी खोटा कसा पाडणार? खरी गोष्ट अशी की, माझ्या डोक्यावर मांडवात एक हॅलोजन टांगला होता आणि त्याच्या वायरीचा जोड उघडा होता. तो खाली पडायच्या आत मंगलाष्टकं संपावीत म्हणून मी डोळे मिटून आकडे मोजत होतो. चारशे बारा झाले. ते मी अगदी बरोबर मोजले होते. वीस वर्षांत माझी प्रगती अशी की, आता मला अकरासुद्धा भरत नाहीत.